पिशवीला आठवण असते का?

आमच्या ओळखीचे एक गुरुजी आहेत. गेली तीस वर्षे ते गणित शिकवत आहेत. जुगाराचा त्यांना मनस्वी तिटकारा. दिवाळीच्या रात्री शेजारी पत्ते मांडून बसले की हे आपले दार लावून घेतात. अशा या गुरुजींचा एक साधा दिवस पाहू या.

सकाळी चहाच्या पुड्यातून एक कूपन निघाले. गुरुजींनी ते नखाने खरवडले. आत लिहिले होते, 'पुन्हा प्रयत्न करा'. शाळेत जाताना पेट्रोलचे पैसे मोबाइलवरून दिले. लगेच पडद्यावर एक चकचकीत कार्ड अवतरले. तेही बोटाने खरवडले. 'पुढच्या वेळी नशीब आजमावा.' मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत भिशीची चिठ्ठी काढली, ती चित्रकलेच्या बाईंची निघाली. दुपारी स्नेहसंमेलनाच्या भाग्यवान सोडतीची तिकिटे आली. गुरुजींनी एक स्वतः घेतले आणि उरलेली एकोणपन्नास वर्गात खपवायला घेतली. संध्याकाळी सोसायटीत हाऊजी होती. पहिली ओळ एका आकड्याने हुकली. रात्री झोपण्यापूर्वी दैनिकातले कूपन कापून तक्त्यावर चिकटवले. पहिले बक्षीस मोटारगाडी!

आणि या सगळ्याच्या मध्ये, पाचव्या तासाला, सातवीतली दोन मुले मैदानामागे पैसे लावून गोट्या खेळताना सापडली. "जुगार खेळता?" असे म्हणून गुरुजींनी त्यांना तासभर वर्गाबाहेर उभे केले.

आता हिशेब करा. गुरुजींनी दिवसभरात सहा वेळा नशिबाचे दार ठोठावले, मुलांनी एकदा. शिवाय गोट्यांत नेमबाजी तरी लागते! पण गुरुजींना हसण्यात अर्थ नाही. आपण सगळेच त्या वर्गात बसलेलो आहोत. जुगार हा आता अड्ड्यावर जाऊन खेळायचा खेळ राहिलेला नाही. तो चहाच्या पुड्यातून, वर्तमानपत्रातून आणि खिशातल्या मोबाइलमधून आपल्याकडे चालत येतो. यातले काय निरुपद्रवी आणि काय घातक, हे 'जुगार वाईट' एवढ्या एका वाक्याने ठरत नाही. त्यासाठी तीन प्रश्न विचारावे लागतात. तिन्ही प्रश्न शाळेच्या गणितातले आहेत.

पहिली शाळा : सोरट

आपल्यापैकी अनेकांनी नशिबाचा पहिला धडा शाळेत नव्हे, शाळेसमोरच्या दुकानात गिरवला. दुकानात एक पुठ्ठा टांगलेला असे. त्यावर चिठ्ठ्या चिकटवलेल्या असत. पाच-दहा पैसे द्यायचे, एक चिठ्ठी फाडायची आणि आत आकडा निघाला तर त्या आकड्याची वस्तू घ्यायची. शिट्टी, कंगवा, फुगा, असे काहीबाही. हे सोरट.

सोरटात पोरे एक गोष्ट फार लवकर शिकत. नवा पुठ्ठा लागला की लगेच पैसे घालवायचे नाहीत. इतरांना फाडू द्यायचे. बऱ्याच चिठ्ठ्या कोऱ्या गेल्या आणि बक्षिसे अजून टांगलेलीच आहेत असे दिसले, की मग आपण पुढे व्हायचे. हे शहाणपण गणिताला धरून आहे. समजा, पुठ्ठ्यावर १०० चिठ्ठ्या आहेत आणि त्यांत ५ बक्षिसांच्या. पहिली चिठ्ठी फाडणाऱ्याला बक्षीस लागण्याची संभाव्यता ५/१००, म्हणजे विसात एक. ५० चिठ्ठ्या कोऱ्या निघाल्या, तर उरलेल्या ५० मध्ये ती पाचही बक्षिसे आहेत. आता संभाव्यता ५/५०, म्हणजे दहात एक. दुप्पट झाली. फाडलेली चिठ्ठी परत पुठ्ठ्यावर येत नाही, म्हणून मागे काय घडले याची नोंद पुठ्ठ्यातच राहते. सोरटाला आठवण असते.

(सर्वात मोठा फुगा मात्र पुठ्ठा संपेपर्यंत टांगलेलाच राही. त्याची चिठ्ठी पुठ्ठ्यावर होती की दुकानदाराच्या गल्ल्यात, हा प्रश्न संभाव्यतेच्या कक्षेबाहेरचा आहे.)

सोरटात मिळालेला हा धडा खरा असतो. घोटाळा पुढे होतो. मूल मोठे होते आणि हाच धडा घेऊन दुसऱ्या दुकानात जाते.

दुसरे दुकान : मटका

न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातील भाव एके काळी तारेने मुंबईच्या कापूसबाजारात येत. बाजार उघडतानाचा आणि बंद होतानाचा भाव काय येणार, यावर मुंबईत पैजा लागत. १९६०च्या सुमारास हा प्रकार थांबला, पण पैजा लावणाऱ्यांची सवय थांबली नाही. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत आकड्यांचा खेळ सुरू केला, १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपला वेगळा. मडक्यातून आकड्यांच्या चिठ्ठ्या काढायच्या, म्हणून नाव मटका. पुढे चिठ्ठ्यांची जागा पत्त्यांनी घेतली. कापूस गेला, पण 'ओपन' आणि 'क्लोज' हे त्याचे दोन शब्द मात्र राहिले. गिरण्यांच्या मुंबईत हा बेकायदा खेळ चाळीचाळींत शिरला आणि तेथून राज्यभर पसरला.

खेळ असा : ० ते ९ मधील तीन आकडे निघतात. त्यांची बेरीज करायची आणि बेरजेतला एकक स्थानचा अंक घ्यायचा. ३, ६ आणि ८ निघाले तर बेरीज १७, म्हणून आकडा ७. आठवी-नववीच्या मुलांना येथे एक छान प्रश्न विचारता येईल : दहा आकड्यांपैकी एखादा आकडा इतरांपेक्षा जास्त वेळा येईल का? उत्तर असे : पहिले दोन आकडे कोणतेही असोत, तिसऱ्याच्या दहा शक्यतांमुळे एकक स्थानी दहाही अंक एकेकदा येतात. म्हणून, प्रत्येक आकडा दरवेळी सारख्याच शक्यतेने निघत असेल तर, प्रत्येक अंकाची संभाव्यता अगदी सारखी, दहात एक. तीन आकड्यांच्या गटाला खेळणारे 'पत्ती' म्हणतात. क्रम सोडून दिला तर अशा २२० पत्त्या होतात आणि प्रत्येक अंकाच्या वाट्याला बरोबर २२ येतात. गणिताच्या दृष्टीने खेळ मोठा रेखीव आहे. गोम आहे ती भावात.

येथे आपला पहिला प्रश्न येतो : रुपयामागे परत किती येतात? आकडा लागण्याची शक्यता दहात एक, तर लागल्यावर रुपयाला दहा रुपये मिळायला हवेत. पूर्वापार भाव आहे नऊचा. म्हणजे लावलेल्या प्रत्येक रुपयातून सरासरीने ९० पैसे परत येतात आणि १० पैसे चालवणाऱ्याकडे राहतात. दहा पैसे तर जातात, असे वाटेल. पण खेळणारा ते ९० पैसे घेऊन घरी जात नाही. तो ते पुन्हा लावतो. दर वेळी सगळी रक्कम पुन्हा लावली तर सरासरीने सात डावांत निम्म्याहून कमी उरते आणि बावीस डावांत एक-दशांशही उरत नाही. दसादशे दहा टक्के व्याज आपण शिकवतो. हे दर डावाला दहा टक्के, आणि तेही उलटे!

याच प्रश्नावर भिशी वेगळी ठरते. दहा जणांनी दरमहा हजार रुपये घातले, तर दहा महिन्यांत प्रत्येकाला एकदा दहा हजार मिळतात. चिठ्ठी फक्त क्रम ठरवते. रुपयाला रुपया परत येतो. तेव्हा चित्रकलेच्या बाईंना अपराधी वाटण्याचे कारण नाही.

अडलेला आकडा

मटका खेळणारा माणूस आळशी असतो, असा एक समज आहे. तो साफ चुकीचा. त्याच्याइतका अभ्यास आपल्या वर्गातला पहिला विद्यार्थीही करत नाही. मागच्या वर्षभरात कोणत्या दिवशी कोणता आकडा आला, याचे तक्ते त्याच्याजवळ असतात. त्यांवर लाल-निळ्या खुणा असतात. स्वप्नात साप दिसला तर कोणता आकडा, समोरून गेलेल्या मोटारीचा नंबर काय, हे सारे तो टिपून ठेवतो. आणि या अभ्यासाचा मुख्य सिद्धांत असतो 'अडलेला आकडा'. "चौका वीस डाव आलेला नाही. आता यायलाच पाहिजे."

हे सोरटाचे गणित आहे, हे आपल्या लक्षात आले असेल. पण मटक्यात निघालेला आकडा पुन्हा मडक्यात जातो. एकविसाव्या डावाला मडक्यात तेच दहा आकडे असतात. मागचे वीस डाव काय झाले हे मडक्याला ठाऊक नसते. चौक्याची संभाव्यता तेव्हाही दहात एकच राहते. म्हणून आपला दुसरा प्रश्न : पिशवीला आठवण आहे का? काढलेली वस्तू परत जात नसेल तर आहे, परत जात असेल तर नाही. सारा तक्त्यांचा अभ्यास या एका प्रश्नापाशी कोसळतो.

मग आकडे खरोखर 'अडतात' ते का? एखादा ठरावीक आकडा एका डावात न येण्याची संभाव्यता ०.९. सलग २० डावांत न येण्याची ०.९ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ०.१२. ही एका आकड्याची गोष्ट झाली. आकडे दहा आहेत. त्यांपैकी निदान एक तरी वीस डावांत गैरहजर असण्याची संभाव्यता काढली तर ती सुमारे ०.७८ येते. म्हणजे कोणतेही लागोपाठचे वीस डाव घ्या, शंभरातल्या अठ्ठ्याहत्तर वेळा कोणी ना कोणी आकडा अडलेलाच दिसणार! पाहणाऱ्याला तो संकेत वाटतो. खरे तर अडलेला आकडा नसता तरच नवल.

ही चूक केवळ चाळीतली नाही. १८ ऑगस्ट १९१३ रोजी माँटे कार्लोच्या जुगारगृहात रूलेटच्या चाकावरची गोळी सलग २६ वेळा काळ्या घरात पडली. लोक दर डावाला अधिकाधिक रक्कम लालवर लावत होते, कारण 'आता लाल यायलाच पाहिजे'. चाकाला त्याचा पत्ता नव्हता. लोकांचे मोठे नुकसान झाले. उंची कपडे घातलेल्या त्या मंडळींचा सिद्धांत आपल्या टपरीवरचाच होता.

कबुतर आणि मोबाइल

एवढे गणित कळूनही माणूस खेळत राहतो, ते का? बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने पेटीत ठेवलेल्या कबुतरांवर प्रयोग केले. बटणावर चोच मारली की दाणा मिळे. दाणा ठरावीक चोचींनंतर मिळत असेल, तर दाणा खाऊन कबूतर थोडे थांबे. पण कधी तीन चोचींनंतर, कधी तीसनंतर, असा अनिश्चित मिळू लागला की कबूतर न थांबता चोच मारत राही. दाणे बंद केल्यावरही ते फार उशिरा थांबे. चार्ल्स फर्स्टर यांच्यासह स्किनरने हे निष्कर्ष १९५७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले.

आता सकाळचे गुरुजी आठवा. त्या चकचकीत कार्डातून दर वेळी ठरलेले दोन रुपये मिळाले असते तर गुरुजींनी आठवड्यात त्याचा नाद सोडला असता. 'कधी मिळते, कधी नाही' म्हणूनच बोट पुन्हा पुन्हा तेथे जाते. शिवाय हाऊजीत 'एका आकड्याने हुकले' ही भावना आहेच. सत्तेचाळीस हवा असताना शेहेचाळीस आला, याला आपण 'थोडक्यात हुकले' म्हणतो. गणिताच्या दृष्टीने शेहेचाळीस आणि तीन सारखेच लांब. पण मनाला तसे वाटत नाही आणि 'थोडक्यात हुकलेला' माणूस घरी न जाता पुढचे तिकीट घेतो.

येथे तिसरा प्रश्न येतो : दिवसातून किती वेळा? सोरटाला दुकानापर्यंत जावे लागे. मटक्याला ओपन आणि क्लोजची वाट पाहावी लागे. मोबाइलवरच्या पैशांच्या खेळांनी ही वाट पाहणेच संपवले. रात्री दोन वाजता, अंथरुणात, मिनिटाला एक डाव. घरात कोणाला कळतही नाही, कारण पत्त्यांचा आवाज नाही की उशिरा घरी येणे नाही. कळते ते एकदम, कर्जाच्या आकड्यावरून. महाराष्ट्रात अजून लागू असलेला जुगार प्रतिबंधक कायदा १८८७चा आहे आणि त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे. त्यामुळे मोबाइलवरचे खेळ 'कौशल्याचे की नशिबाचे' हा वाद वर्षानुवर्षे चालला. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे. बंदी आवश्यक असेल, पण पुरेशी नसते. मटकाही कायद्याने कधी चालू नव्हता!

शाळेची सोडत

आता थोडे घरचे आहेर. स्नेहसंमेलनाच्या सोडतीला आपले तीन प्रश्न लावून पाहू. समजा, दहा रुपयांची हजार तिकिटे खपली. जमा दहा हजार. बक्षिसे तीन हजारांची. म्हणजे रुपयामागे परत येतात ३० पैसे. मटक्याच्या एक-तृतीयांश! निव्वळ भाव पाहिला तर आपली शाळा मटकेवाल्यापेक्षा तिप्पट कंजूष आहे.

तरी मटक्याने घरे बुडतात आणि शाळेच्या सोडतीने नाही. का? तिसऱ्या प्रश्नामुळे. वर्षातून एकदा दहा रुपयांचे तिकीट घेतले तर सरासरी तोटा सात रुपये. रोज ओपनला दहा आणि क्लोजला दहा, असे ३०० दिवस लावले तर वर्षाला ६,००० रुपये लागतात आणि सरासरी तोटा ६०० रुपये. भाव तिप्पट चांगला असूनही तोटा पंचाऐंशी पट. घात केवळ भावात नाही, वारंवारतेत आहे. आणि हारल्यावर रक्कम दुप्पट करणारा, उसने आणून लावणारा माणूस तर या सरासरीच्या पुष्कळ पुढे जातो.

सोडत बंद करा, असे आमचे म्हणणे नाही. पाण्याच्या टाकीसाठी पैसे हवे असतील तर सोडत ही हसतखेळत दिलेली देणगीच आहे. फक्त तसे तिकिटावर छापावे : 'या रुपयातील ७० पैसे टाकीसाठी, ३० पैसे बक्षिसांसाठी.' महाराष्ट्र शासनाने १९६९ मध्ये स्वतःची लॉटरी सुरू केली. तिच्या तिकिटावरही असे एक वाक्य छापले, तर दहावीचा संभाव्यतेचा धडा घरोघर पोचेल.

एका तासाचा प्रयोग

यावर प्रवचन देण्यापेक्षा वर्गात प्रयोग करावा. पैसे अजिबात वापरू नयेत, चिंचोके पुरतात.

४० मुलांना प्रत्येकी २० चिंचोके द्या. पिशवीत ० ते ९ लिहिलेल्या दहा सारख्या चकत्या टाका. शिक्षक म्हणजे 'पेढी'. प्रत्येक डावात प्रत्येकाने वहीत एक आकडा लिहून एक चिंचोका पेढीत द्यायचा. एक चकती काढायची, ज्यांचा आकडा लागला त्यांना नऊ चिंचोके द्यायचे आणि चकती परत पिशवीत टाकायची. असे वीस डाव खेळायचे. फळ्यावर निघालेले आकडे लिहीत जावे, म्हणजे 'अडलेला आकडा' आपोआप दिसू लागेल आणि मुले त्याच्या मागे धावतील. धावू द्यावे.

गणित काय सांगते? एका डावात ४० चिंचोके येतात, सरासरी ३६ परत जातात, ४ पेढीत राहतात. वीस डावांनंतर ८०० पैकी सुमारे ८० चिंचोके पेढीत जमावेत. प्रत्येक वर्गात आकडे थोडे मागेपुढे होतील, तेही पाहावे. आणखी एक गोष्ट मोजा : वीसही डाव हरून हात रिकामे झालेली मुले किती? एकदाही आकडा न लागण्याची संभाव्यता वर आलीच आहे, सुमारे ०.१२. म्हणजे चाळिसात सरासरी पाच जण. शेवटी त्यांना उभे राहायला सांगू नका. फक्त विचारा : दर डावाला वर्गात आरडाओरडा कोणाचा होत होता? जिंकणाऱ्यांचा. ही पाच मुले इतका वेळ गप्प बसली होती, हे कोणाच्या लक्षात आले होते का? गावातही नेमके हेच होते. ज्याला आकडा लागतो तो पेढे वाटतो. ज्याचा जातो तो कोणाला सांगत नाही.

मग उरलेल्या वेळात एक फरक करा. निघालेली चकती परत टाकू नका. नऊ चकत्या निघाल्या की दहावी कोणती हे शेवटच्या बाकावरचे मूलही सांगेल. पिशवीला आठवण केव्हा असते आणि केव्हा नसते, हे मग वेगळे शिकवावे लागणार नाही.

ऋतुपर्णाची विद्या

महाभारताच्या वनपर्वात नळाची कथा आहे. द्यूतात राज्य हरलेला नळ वेष पालटून ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. वाटेत ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडाकडे नुसते पाहून फांद्यांवरची पाने आणि फळे किती ते सांगतो. नळ रथ थांबवून फळे मोजतो. संख्या बरोबर निघते. तेव्हा ऋतुपर्ण आपली विद्या, 'अक्षहृदय', नळाला देतो आणि बदल्यात घोड्यांची विद्या घेतो. ही विद्या मिळताच नळाच्या शरीरात ठाण मांडून बसलेला कली बाहेर पडतो.

झाड बेहड्याचे होते, हे विशेष. प्राचीन काळी बेहड्याच्याच फळांचे फासे असत. नळाला कोणी 'द्यूत वाईट' असा उपदेश केला नाही. तो त्याला आधीही ठाऊक होता. त्याला कोणीतरी मोजायला शिकवले, तेव्हा कली गेला.

पाचव्या तासाला वर्गाबाहेर उभी केलेली ती दोन मुले आता आत बोलवायला हरकत नाही. येताना गोट्या घेऊन या, म्हणावे. पिशवीत टाकायला उपयोगी पडतील.